दिवसातून तीनदा बेशुद्ध

कांचनडांग्याचे पोस्टमास्तर निशिकांत भादुडी यांची एकच इच्छा होती. जन्मात एकदा आपलं नाव छापून आलेलं बघावं. राजा व्हावं असं नाही, रायबहादूर व्हावं असंही नाही. नाव छापून यावं, आणि त्याच्या खाली दोन-चार परिच्छेद आपल्या हातचे असावेत, बस्स. पण इच्छा पोस्टमास्तरला झाली, हीच पंचाईत. बावीस वर्षं हा माणूस पाकिटांच्या पाठीवर ‘पत्ता सापडत नाही’, ‘इसम मयत’, ‘गाव सोडून गेला’ असं दोन-तीन शब्दांचं वाङ्मय लिहीत आला होता. पोटात लांबलचक समास, अलंकार, उपमा नुसत्या कोंडून पडलेल्या. इतकी वर्षं कोंडलेलं गद्य एकदा सुटलं की ते कुठे जाऊन थांबेल याचा काही नेम नसतो.

पोस्टाच्या खिडकीत बसून निशिकांतबाबूंना गावाच्या पोटातलं सगळं दिसे. कलकत्त्याहून पैसे भरून सोडवायची व्ही.पी.ची पार्सलं येत. हेडमास्तरांचं केशवर्धक तेल, कापडवाल्याच्या पोटफुगीची वडी, जमीनदाराच्या दिवाणजींच्या यौवनगोळ्या. त्या गोळ्या स्वयंपाक्याच्या नावावर येत, आणि सोडवायला मात्र दिवाणजी स्वतः येत, घाम पुसत. निशिकांतबाबू कुणाला बोलले नाहीत. त्या बाबतीत माणूस खरा सरकारी.

आणि त्याच खिडकीत, शाईच्या दौतीशेजारी, सरकारी कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, पुड्या असत. पैशाला एक. तापावर दुसरं औषध नाही हे निशिकांतबाबूंना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या घरात पावसाळा संपला की सगळ्यांना पुडी मिळे आणि सगळे ठणठणीत असत. पण गावाला कोयनेल नको. कडू लागतं, कान वाजतात, आणि पैशात मिळतं ते औषध कसलं? बाटली हवी, तिच्यावर वाघाचं चित्र हवं, आत बत्तीस वनस्पती हव्यात. गावातल्या अर्ध्या पोरांची पोटातली पानथरी तापानं घागरीएवढी सुजलेली, पण पुडीकडे कुणी बघेल तर शपथ.

आश्विनात कलकत्त्याच्या एका औषधी कंपनीचं छापील पत्रक आलं. ‘प्लीहादर्पहारी सुधा’, म्हणजे पानथरीचा माज उतरवणारं अमृत. जे कोणी गुण आल्याचं पत्र लिहून पाठवतील त्यांतली निवडक पत्रं येत्या वर्षाच्या मोठ्या लाल पुठ्ठ्याच्या पंचांगात, नावागावासह आणि हुद्द्यासह, छापली जातील. शिवाय एक डझन बाटल्या भेट.

बाटल्यांचं निशिकांतबाबूंना काही नव्हतं. पण ते लाल पंचांग! बंगालात असं घर नाही जिथे ते खुंटीला लटकत नाही. त्यांनी दार लावलं आणि टाक उचलला. गेल्याच महिन्यात त्यांना तीन दिवस ताप येऊन गेला होता. तो कोयनेलनं गेला होता ही गोष्ट खरी, पण ताप तर आला होता की नाही? सुधेचा एक थेंबही त्यांच्या जिभेला लागलेला नव्हता, इतकंच काय ते कमी.

पहिला खर्डा त्यांनी शेजारच्या गोलोक मुख्तारांना वाचून दाखवला. मुख्तार म्हणजे कचेरीतला छोटा वकील. त्यांच्याकडे अशिलं कमी आणि सल्ले फार.

“मास्तर,” मुख्तार म्हणाले, “ही काय तार आहे? शब्दागणिक पैसे पडतायत का? ‘तीन दिवस ताप आला, औषध घेतलं, बरा झालो.’ हे वाचून कोणाच्या डोळ्यांत पाणी येणार?”

“पण तीनच दिवस आला होता हो.”

“तीन दिवस ताप कुत्र्यालाही येतो. चौदा वर्षं करा. रामाचा वनवास होता, तेवढा तुमचा ताप.”

चौदा वर्षं झाली. मग पानथरी आली. मग वैद्य कविराजांनी हात टेकले. मग केळीच्या पानासारखा थरकाप, डोळ्यांपुढे अंधारी, आणि पेजेचं पाणीही न पचणं. निशिकांतबाबूंचं गद्य आता चांगलंच तापलं होतं. पण मुख्तारांचं समाधान होईना.

“एक सांगू? रागावू नका. तुम्ही पन्नाशीचे, डोकं तुळतुळीत. वाचणारी बाई म्हणेल, गेला तर गेला. लेकरू पाहिजे, मास्तर. एखादं लेकरू अंथरुणावर पडल्याशिवाय पत्राला जीव यायचा नाही.”

निशिकांतबाबूंनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांची एकुलती एक मुलगी ननीबाला दावं तोडून पळालेल्या वासराला कान धरून घेऊन येत होती. वासरू चारी पाय रोवून उभं होतं आणि तरी येत होतं. दात येताना एकदा रडली असेल तेवढीच, त्यानंतर ही मुलगी आजारी म्हणून कधी झोपली नव्हती. निशिकांतबाबूंनी नजर वळवली आणि लिहिलं:

‘माझी प्राणाधिक कन्या ननीबाला, जिचे मुखकमल ज्वराग्नीने करपून गेले होते, ती दिवसातून तीन वेळा मूर्च्छित होऊन धरणीवर कोसळत असे. आम्ही उभयता तिच्या अंत्यक्षणाची वाट पाहत बसलो असता आपल्या सुधेच्या केवळ दोन बाटल्यांनी...’

त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. मुख्तारांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. पत्र गेलं.

बारा बाटल्या आल्या. निशिकांतबाबूंच्या बायकोनं, क्षीरोदानं, एक उघडून बोटभर चाटलं आणि थुंकून टाकलं. “काकवीत कारलं बुडवलंय,” ती म्हणाली. तिनं औषध परसात ओतलं, बाटल्या राखेनं घासल्या आणि त्यांत मोहरीचं तेल भरून फळीवर ओळीनं मांडल्या. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या काही निघाल्या नाहीत. प्रत्येक बाटलीवर वाघ तसाच. पत्राचं काय झालं, पत्रात काय होतं, हे तिनं विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

माघात ननीला स्थळ आलं. दीड कोसावरच्या पलाशडिहीचे तारिणीशंकर सान्याल, शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. मुलगा शशिशेखर, जमीनदारी कचेरीत नोकरीला. घरचं भात, घरचं तळं, घरात सासू नाही. क्षीरोदाला रात्रंदिवस सनई ऐकू येऊ लागली. तारिणीबाबूंची ख्याती मात्र जरा जरबेची होती. लग्नाच्या पत्रिकेतल्या चुकासुद्धा ते तांबड्या पेन्सिलीनं दुरुस्त करून परत पाठवत. तोंडी गोष्टीवर त्यांचा विश्वास नसे, छापलेल्या गोष्टीवर मात्र संपूर्ण असे. माणूस खोटं बोलतो, पण छापायचं म्हणजे चार माणसांनी आधी वाचलेलं असतं, असं ते म्हणत.

त्यांनी निरोप धाडला: ‘कुळ, गोत्र पसंत. चैत्र लग्नाला अशुभ, त्यात हे बोलणं नको. वैशाखात वर्ष पालटतं, नवं पंचांग आलं की त्यात विवाहाच्या तिथी बघू, आणि मुलगी बघायला येऊ.’

निरोप ऐकताना निशिकांतबाबूंच्या हातात भाताचा घास होता. तो हातातच राहिला.

“काय झालं?” क्षीरोदा म्हणाली. “काटा लागला?”

“नवं पंचांग,” निशिकांतबाबू म्हणाले.

मग सगळं सांगावंच लागलं. पत्राची नक्कल त्यांनी जपून ठेवली होती, ती वाचूनही दाखवावी लागली. आणि सांगायला लाज वाटते, पण ‘मुखकमल’ या शब्दापाशी आवाज जरा चढलाच.

“मुलगी बेशुद्ध पडते असं लिहून दिलंत?” क्षीरोदा म्हणाली. “बापानं? सही करून? छापायला?”

“ते वाङ्मय आहे गं.”

“कोण नेणार हो मग तुमच्या वाङ्मयाला लग्न करून?”

ननी माशाचे काटे वेगळे करत शांतपणे ऐकत होती. ती म्हणाली, “बाबा, सकाळची बेशुद्धी जेवणाआधी की नंतर?” आणि ताट उचलून निघून गेली. परसात तिनं भांडी अशी काही घासली की निशिकांतबाबूंना पुढचा घास गिळवेना. तिला राग आला होता, आणि तो रास्त होता, आणि तो त्यांना जेवढा लागला तेवढं आयुष्यात काही लागलं नव्हतं. आपल्या चार ओळींच्या हौसेपायी पोरीचा संसार उभा राहण्याआधीच मोडणार, हे आता त्यांना स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या पोस्टातून, स्वतःच्या पैशानं, कंपनीला तार केली: ‘पत्र छापू नये.’ उत्तर पत्रानं आलं, तेही आठ दिवसांनी, गोड भाषेत. ‘आपल्या विनयाने आम्ही सद्गदित झालो. परंतु फर्मा छापून झाला आहे. एवढे सुंदर पत्र आजवर दुसरे आले नाही, म्हणून आपणांस सर्वांत मानाची जागा दिली आहे: विवाहतिथींच्या समोरचे पान. कारण पंचांगातील अन्य पाने उघडोत न उघडोत, ते पान घरोघर उघडतेच.’

निशिकांतबाबूंनी ते पत्र तीनदा वाचलं. ‘एवढे सुंदर पत्र’ या शब्दांपाशी त्यांना क्षणभर बरं वाटलं हे नाकारण्यात अर्थ नाही.

चैत्राच्या शेवटच्या आठवड्यात पंचांगं आली. एकोणीस पार्सलं, सगळी व्ही.पी. निशिकांतबाबूंनी स्वतःची प्रत उघडली. डावीकडे वैशाख ते फाल्गुन लग्नाच्या तिथी. उजवीकडे ते स्वतः. ठळक अक्षरांत नाव, हुद्दा, गाव. इच्छा पुरी झाली होती, आणि त्यांनी प्रत घाईनं मिटली. अठरावं पार्सल होतं: ‘श्री. तारिणीशंकर सान्याल, पलाशडिही.’

“परत पाठवा,” गोलोक मुख्तार म्हणाले. “वर लिहा, ‘घेण्यास नकार’. सोपं आहे.”

“त्यांनी नकार दिलेला नाही.”

“विचाराल तर देणार नाहीत. म्हणूनच विचारायचं नाही.”

क्षीरोदाचा सल्ला वेगळा होता. पोस्टाच्या कोपऱ्यात कौलं गळतात, वळवाचा पाऊस कधीही येईल, पार्सल तिथे ठेवावं, बाकी देव बघून घेईल. निशिकांतबाबूंनी दोन्ही सल्ले ऐकले आणि पार्सल तिजोरीत ठेवलं. मग काढलं. मग पुन्हा ठेवलं. बावीस वर्षांत त्यांनी कुणाचं कार्डसुद्धा एक दिवस अडवलं नव्हतं. नियमांचं पुस्तक उघडून त्यांनी व्ही.पी.चं प्रकरण पहिल्यापासून वाचलं. सूचना दिल्यापासून सात दिवस पार्सल पोस्टात ठेवता येतं. सूचना तर द्यायलाच हवी. ती त्यांनी दिली, पण इतक्या बारीक अक्षरात की स्वतःलाच भिंग लागलं असतं. सात दिवसांत काय होणार होतं? कदाचित तारिणीबाबू दुसऱ्या पंचांगाचे होतील. कदाचित पृथ्वी बुडेल. माणूस अडचणीत असला की सात दिवसही त्याला पुष्कळ वाटतात.

चौथ्या दिवशी तारिणीबाबूच खिडकीत उभे. हातात छत्री, नाकावर चष्मा. खिशात ती बारीक अक्षरातली सूचना, अक्षरं तांबड्या पेन्सिलीनं अधोरेखित केलेली.

“अक्षर सुधारा, भादुडीबाबू,” ते म्हणाले. “पार्सल द्या.”

दिलं. त्यांनी तिथेच, खिडकीच्या फळीवर, चाकूनं दोरी कापली. “आलोच आहे तर तिथी तुमच्यासमोरच बघतो,” म्हणत त्यांनी नेमकं ते पान उघडलं. डावीकडे बोट फिरवलं. मग डोळे उजवीकडे गेले आणि तिथेच राहिले. निशिकांतबाबू आतल्या बाजूनं शिक्क्याची मूठ धरून उभे होते आणि एका कोऱ्या कागदावर पुन्हा पुन्हा तारीख उठवत होते. तारिणीबाबूंनी पत्र वाचलं. पुन्हा वरून वाचलं. मग चष्म्यावरून पाहिलं.

“हे तुम्हीच?”

“हो. म्हणजे... छापखान्यानं जरा...”

“ही तुमचीच कन्या? ननीबाला?”

“एकच आहे.”

“हं,” तारिणीबाबू म्हणाले. पंचांग बगलेत मारलं. “मुलगी बघायला इतक्यात येत नाही. ज्येष्ठात बघू.”

गेले. मोडलं, असं त्यांनी म्हटलं नाही. ठरलं, असंही नाही. त्या ‘हं’चा अर्थ लावण्यात भादुडींच्या घरी पुढचे कित्येक दिवस गेले. क्षीरोदाच्या मते तो नकार होता. मुख्तारांच्या मते कायद्यात ‘हं’ला काहीच किंमत नाही, पण कचेरीत न्यायाधीश ‘हं’ म्हणाले की मुख्तारांची अशिलं तुरुंगात जातात.

इकडे गावानं पंचांग वाचलं होतं. खिडकीत माणसं येऊन म्हणू लागली, “पुडी नको, मास्तर. तुमच्या मुलीनं घेतलं ते कुठं मिळतं सांगा.” बाया दुपारच्या ननीला बघायला येत. कपाळाला हात लावत, देवळातला अंगारा लावत, आणि जाताना म्हणत, “दिसत नाही हो अजिबात, इतकी आजारी होती ते!” एकीनं तर ती आता पडेल मग पडेल म्हणून दोन तास वाट पाहिली. ननीनं तिच्यासमोर विहिरीतून अकरा घागरी पाणी काढलं. बाई हिरमुसून घरी गेली.

एवढ्यात जिल्ह्याच्या सुपरिंटेंडंट साहेबाचं पत्र. आपल्या कचेरीत कोयनेलची विक्री एकाएकी शून्यावर का आली, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. निशिकांतबाबूंनी अकरा खर्डे फाडले. शेवटी जे गेलं ते असं: ‘गावात सध्या ताप नाही.’ ते लिहून झालं तेव्हा खिडकीबाहेर कोळ्याची म्हातारी रग पांघरून कुडकुडत बसली होती आणि सुधेची बाटली कधी येईल ते विचारत होती. निशिकांतबाबूंनी तिला दोन पुड्या फुकट दिल्या. तिनं त्या तिथेच, फळीवर, परत ठेवल्या. त्यानंतर त्यांना जेवण गोड लागेना. आधी फक्त लग्नाची भीती होती, आता म्हातारी डोळ्यांसमोरून जाईना.

आणि मग पार्सल आलं. सुधा, एक डझन. ‘श्री. तारिणीशंकर सान्याल.’ वीस दिवसांनी आणखी एक डझन.

“झालं,” गोलोक मुख्तार म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खरोखर उतरला. “पुरावा गोळा करतोय. औषध तपासून घेणार कलकत्त्याला. मग कंपनीवर फिर्याद, आणि तुम्ही साक्षीदार. मी काही लिहायला सांगितलं नव्हतं हं, मास्तर. मी फक्त ऐकलं.”

ज्येष्ठातल्या एका रविवारी, आंबे पिकून पडत असताना, तारिणीबाबू आले. एकटेच, छत्री घेऊन. क्षीरोदानं छेन्याचे गोड संदेश केले होते, माशाचं कालवण केलं होतं, ननीला पिवळी साडी नेसवली होती आणि बजावलं होतं की घागरीबिगरीला हात लावायचा नाही. मुख्तार, बोलावलं नसताना, कोपऱ्यात येऊन बसले होते.

तारिणीबाबू बसायच्या आधीच थबकले. स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून फळी दिसत होती. तीवर बारा बाटल्या, बारा वाघ. म्हातारा त्यांच्याकडे असा बघत राहिला की हात जोडतो की काय असं निशिकांतबाबूंना वाटलं. आत मोहरीचं तेल होतं.

ननी आली, नमस्कार करून बसली. रीतीप्रमाणे म्हाताऱ्यानं केस किती लांब ते बघायचं, चालवून बघायचं, अक्षर काढायला लावायचं. तारिणीबाबूंनी यातलं काही केलं नाही. त्यांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर तांबड्या पेन्सिलीनं प्रश्न लिहिलेले.

“बाळ,” ते म्हणाले, आणि त्यांचा तपासनिसाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता, “तू ते औषध जेवणाआधी घेत होतीस, की नंतर?”

त्यांनी कागदावरच्या पुढच्या प्रश्नावर बोट ठेवलं.

“चमचा कुठला? लाकडी की पितळी? घेतल्यावर पाणी प्यायचीस? आणि गुण दोन बाटल्यांतच आला, की छापताना आकडा चुकला?” त्यांनी कागद खाली ठेवला. “आमच्या शशीला दीड वर्ष झालं, एक दिवसाआड ताप. दुपारी चार वाजले की दात वाजायला लागतात, तीन-तीन गोधड्या घालतो. तुमच्यापासून लपवलं, माझं चुकलं. तुमचं पत्र वाचलं आणि म्हटलं, जिला दोन बाटल्यांनी परत आणलं ती पोर आपल्या घरात येते आहे, आपलं नशीब. आता बावीस बाटल्या झाल्या. काही नाही. म्हटलं, देण्यात आमचंच काहीतरी चुकतंय. तिलाच विचारू.”

ननीनं बापाकडे पाहिलं. दाराआडून क्षीरोदा खोकली, ‘गप्प बसा’ असा तो खोकला होता. मुख्तारांनी निशिकांतबाबूंच्या मांडीला चिमटा काढला. खरं बोललं तर स्थळ हातचं जाणार, वर खोटारडा म्हणून पंचक्रोशीत नाव होणार. गप्प बसलं तर लग्न लागणार. लागणार कुणाशी, तर त्या गोधड्यांखालच्या पोराशी, आणि तो काकवी पीत राहणार.

“सान्यालबाबू,” निशिकांतबाबू म्हणाले, “ती कधी बेशुद्ध पडली नाही.”

“म्हणजे?”

“एकदाही नाही. चौदा वर्षं ताप मलाही नव्हता. तीन दिवस होता. तुमची ती सुधा आमच्या घरात कुणी प्यायलेली नाही. त्या बाटल्यांत तेल आहे. ते पत्र... मला छापून यायचं होतं हो.”

पन्नाशीचा माणूस, सरकारी नोकर, आणि लाजेनं रडायला आला.

तारिणीबाबू उठले. चेहरा पांढरा पडला होता. “छापलेलं,” एवढंच म्हणाले. संदेशाला त्यांनी हात लावला नव्हता. छत्री उचलली आणि पायऱ्या उतरू लागले.

“काका, थांबा.” ननी धावत पोस्टाच्या खोलीत गेली आणि पदरात पुड्या घेऊन आली. “ही कोयनेलची पुडी. आमच्या घरात सगळे हीच घेतात, म्हणून कुणी पडत नाही. ताप नसताना द्यायची, भरल्या पोटी. चमचा कुठलाही चालतो. तोंड वाकडं करतील, कान वाजतात म्हणतील. तरी सोडू द्यायची नाही. तुम्ही तपासनीस होता ना? मग समोर बसून गिळवा.”

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं, मग पुड्यांकडे. त्या घेतल्या आणि गेला.

क्षीरोदा दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पानात मानाचं माशाचं डोकं वाढलं, आणि ‘बरं केलंत’ असं भिंतीकडे बघून म्हणाली.

पलाशडिहीहून काहीच कळेना. फक्त दर मंगळवारी सान्यालांचा म्हातारा गाडीवान खिडकीत येई, पैसे ठेवी, आणि पुड्या घेऊन जाई. कुणासाठी, ते सांगत नसे. निशिकांतबाबू विचारत नसत, पण मंगळवारी सकाळपासून त्यांचं लक्ष रस्त्याकडे असे. आषाढ गेला, श्रावण गेला. आश्विन आला, कार्तिक आला, घरोघरी गोधड्या निघाल्या. आणि कार्तिकाच्या शेवटी एक कार्ड आलं. मजकूर थोडका, एकही चूक नसलेला: ‘या मोसमात शशीस एकदाही ताप नाही. त्याच पानावरील मार्गशीर्ष सप्तमी धरावी.’

लग्न झालं. निशिकांतबाबू मांडवात इतके रडले की वरपक्षाला वाटलं त्यांनाच ताप आहे. कोळ्याची म्हातारी जेवायला आली होती. जाताना तिनं दोन पुड्या मागितल्या, ननीच्या नवऱ्याला लागू पडल्या त्याच द्या म्हणाली.

पुन्हा चैत्र आला. पुन्हा पंचांगांची पार्सलं. आता निशिकांतबाबू निर्धास्त होते. त्यांनी आपली प्रत सहज म्हणून उघडली, विवाहतिथींच्या पानावर. समोर कुणाचं तरी पत्र होतं. भाषा कोरडी, व्याकरण निर्दोष, आणि खाली नाव: ‘तारिणीशंकर सान्याल, निवृत्त शाळा तपासनीस.’ पुत्राचा दुर्धर ज्वर छत्तीस बाटल्यांनी समूळ गेला, असं त्यात होतं. पुढे सुनेविषयीही दोन ओळी होत्या. निशिकांतबाबूंना त्या वाचवेनात. त्यांनी पंचांग मिटलं, चष्मा पुसला, आणि पुन्हा उघडलं तरी नाव तेच होतं.

त्याच टपालात ननीचं कार्ड होतं. कार्ड असल्यामुळे ते शिपायानं आधीच वाचलं होतं आणि तो तोंड फिरवून हसत होता. ननीनं लिहिलं होतं:

‘बाबांना नमस्कार. नवं पंचांग पाहिलंत ना? यंदा मी दिवसातून पाचदा बेशुद्ध पडले आहे. सासरे म्हणतात, तीनदा कमी वाटत होतं. मी विचारलं, पत्र पुड्यांचं का लिहिलं नाही, तर म्हणाले, पुड्यांचं कोण छापतो? त्यांनाही छापूनच यायचं होतं, बाबा, दुसरं काही नाही. बारा बाटल्या आल्या, मी तेल भरलं. इथे शेजारपाजारी ताप आहे आणि सगळे सुधा मागायला आमच्याकडे येतात. आधीच्या रिकाम्या बाटलीत पुडी कालवून देते, तेवढं घेतात. चार डझन पुड्या मंगळवारच्या गाडीनं पाठवा.’